मासे आनंदात आहेत

हौदात चार मासे उलटे तरंगत होते आणि पाचवा तिरका होऊन गिरक्या घेत होता. साखरबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, बाह्या वर सारल्या आणि जाळीनं एकेकाला उचलून बादलीत टाकलं. पाहुणे यायला अजून अवकाश होता. पिशवीत नवे मासे तयारच होते, ते सोडले की झालं.

साखरबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कापड रंगवायच्या त्या कारखान्यात अहवाल लिहायचे, फलक रंगवून घ्यायचे, पाहुण्यांना फिरवायचं आणि कंपनी पर्यावरणाची नि शेजाऱ्यापाजाऱ्यांची किती काळजी घेते हे जगाला गोड शब्दांत सांगायचं, हे त्यांचं काम. ‘बाई कारल्यालासुद्धा साखर लावून देतील,’ असं कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

फाटकाजवळचा हौद ही त्यांचीच कल्पना. रंगाचं पाणी शुद्ध करून ओढ्यात सोडतात, तेच पाणी हौदात घ्यायचं, त्यात मासे सोडायचे आणि वर फलक लावायचा: ‘हे आमचंच पाणी. मासे आनंदात आहेत.’ साहेब बेहद्द खूश झाले. अहवालाच्या मुखपृष्ठावर हौदाचा फोटो आला.

मासे मात्र आनंदात नव्हते. कुणी भेटीला येणार असलं की शुद्धीकरणाचे मुकादम आदल्या दिवशी हौद घासूनपुसून नव्यानं भरत, आणि सकाळी हा असा प्रकार. पहिल्या वेळी बाईंच्या काळजात धस्स झालं. मग त्या गुपचूप नवे मासे आणू लागल्या, आणि हळूहळू तेही अंगवळणी पडलं. मुकादमांना त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर ऐकावं लागलं असतं ना!

बादली रिकामी करायची जागाही ठरलेली होती. काही मासे अजून तोंड उघडमीट करत असत, त्यांना कचऱ्यात टाकवेना. म्हणून शेडच्या मागे, शुद्धीकरणाच्या शेवटच्या टाकीवरचा पत्रा जरासा उचलायचा, बादली उलटी करायची आणि मागे न बघता चालू पडायचं. तिकडे चिटपाखरू फिरकत नसे.

हे सगळं पोटात घालूनही त्या जगल्या असत्या. पण ओढ्याच्या काठावर त्यांची थोरली बहीण राहत होती. घराची विहीर ओढ्याला लागून, आणि घरात रांगता नातू. मागे एकदा ताईनं सरळ विचारलं होतं की तू तिथलीच आहेस, खरं सांग, विहिरीचं पाणी पोराला पाजू का? बाईंच्या तोंडून अहवालातलंच वाक्य निघालं: पाणी अगदी सुरक्षित आहे. तेव्हापासून बाळ नुसतं शिंकलं असं कळलं तरी यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

आणि आज कंपनीनं आसपासच्या लोकांनाच बोलावलं होतं. ताई नातवाला कडेवर घेऊन सगळ्यांच्या पुढे.

साहेबांचं भाषण झालं. हौदातले मासे बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाळानंही वाजवल्या. मग मंडळी शेड बघायला निघाली. शेवटच्या टाकीपाशी ताई थांबली. यात काय, म्हणून तिनं विचारलं. इथून पाणी थेट ओढ्यात जातं, असं साहेब म्हणाले.

“मग हेच दाखवा की,” ताई म्हणाली. “फाटकातला हौद काय, सजवलेलाच असणार.”

साहेबांनी खूण केली. मुकादमांचा चेहरा पडला, पण दोन कामगारांनी पत्र्याला हात घातला होता. साखरबाईंनी बाळाकडे पाहिलं. नोकरी जायची तर जाऊ दे, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्या ताईसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“ताई, मी तुला खोटं सांगितलं. या पाण्यानं हौदातले मासे मरतात. दर वेळी मी ते इथे आणून टाकते. बाळाला ते पाणी देऊ नकोस.”

पत्रा बाजूला झाला. बघायचा धीर होईना म्हणून बाईंनी डोळे मिटून घेतले. मग बाळ खिदळायला लागलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

टाकीत केशरी माशांचा नुसता सुळसुळाट होता. मोठे, गुबगुबीत, आणि त्यांच्या मागे पिल्लांची रांगच्या रांग.

“हे मेलेले?” ताई म्हणाली. “खोटं बोलायला गेलीस तेही धड जमलं नाही तुला. आणि पाणी मी उकळूनच पाजते हो. तुझ्या भरवशावर कोण बसतंय?”

लोक हसले. साहेब आधी गोंधळले, मग तेही हसले आणि सगळ्यांना चहाला घेऊन गेले. साखरबाई तिथेच पायरीवर बसल्या. हसू येत होतं आणि डोळेही वाहत होते. कितीतरी महिन्यांनी छाती भरून श्वास घेता आला.

मुकादम मागे रेंगाळले होते. तेही टाकीकडे आ वासून बघत होते. बाईंनी त्यांना जवळ बोलावून विचारलं, की इथे पिल्लं घालतात ते मासे हौदात याच पाण्यात का मरतात?

“याच पाण्यात?” मुकादमांनी आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. “बाई, चार लोकांसमोर आपलं पाणी ठेवायची हिंमत कुणाची? हौद मी पहिल्या दिवसापासून नळाच्या, जंतू मारायचं चांगलं जालीम औषध टाकलेल्या पाण्यानंच भरतोय.”