दोराला झटका

तिवशाच्या वामनरावांनी पोराला विहिरी खोदताना शिकवलं होतं, दोराला दोन झटके म्हणजे वर ओढा, एक म्हणजे अजून खाली सोडा. त्याच हुन्नरावर तो पोरगा, नितेश, आफ्रिकेत घाना देशात सोन्याच्या खाणीवर लागला. खाण दरसाल खोल गेली, तसे त्याचे फोन कमी झाले. गेल्या दोन महिन्यांत एकही नाही.

आज भर दुपारी घरच्या कोरड्या विहिरीवरच्या दोराला दोन झटके बसले. वामनरावांनी ओढला. बादलीत ओली लाल माती होती. या काळ्या रानात अशी माती कुठंच नाही.

"काहून ओढून राहिले?" बायको म्हणाली. "खाली कोनी नाई."

"नितेश हाय."

त्यांनी बादली रिकामी करून परत सोडली. ती तळाला टेकलीच नाही. दोर संपला, टोक तेवढं मुठीत उरलं.

मग झटका बसला. एकच.