दर दोन तासांनी एक पेला

"मला नको ते पाणी," पद्मिनीताई म्हणाल्या. "आज निर्जळी एकादशी आहे."

चारुतानं स्टीलचे दोन पेले टेबलावर ठेवले. एक सासूबाईंचा, एक स्वतःचा.

"आई, परवा तुमचा गुडघा बदलायचाय. अंगात पाणी कमी असलं तर ऑपरेशननंतर उभं राहताना चक्कर येते, चालणं लांबतं. डॉक्टरांनी बजावलंय, तुमच्यासमोरच."

"जयेश सहा वर्षांचा होता, तापानं फणफणलेला. तेव्हा धरलीय ही. एकोणतीस वर्षं द्वादशीच्या पारण्यापर्यंत थेंब घेतला नाही. आता मोडली आणि त्याला काही झालं तर?"

"काही होत नाही." चारुता मायक्रोबायोलॉजी शिकलेली, असल्या प्रश्नांना तिचं उत्तर तयार असायचं. "नातीला, नुपूरला शाळेत सोडायला जायचंय ना चालत? मग प्या. मीही तुमच्याबरोबर पिते."

नुपूरचं नाव आल्यावर पद्मिनीताईंनी पेला उचलला. डोळे मिटून, औषध घ्यावं तसं पाणी संपवलं. पेल्याचा तळ दिसेपर्यंत चारुता हलली नाही. मग स्वतःचा पेला घेऊन ती गॅलरीकडे वळली.

"जरा वाऱ्यावर पिते."

फ्रिजवर तिनं वेळा लिहून चिकटवल्या होत्या. सकाळी सात ते संध्याकाळी सात, दर दोन तासांनी. कितीतरी दिवसांनी पाऊस थांबून ऊन पडलं होतं. जपानमधल्या ग्योतोकुच्या त्या इमारतीत प्रत्येक कठड्यावर गाद्या वाळत होत्या. चारुता नुपूरला आणायला गेली तीही तीनच्या पेल्याआधी धावत परतली.

"पोलिसात भरती व्हायला हवं होतंस," पद्मिनीताई म्हणाल्या आणि प्यायल्या.

संध्याकाळी जयेश ऑफिसमधून आला. "चारू, तुझं तोंड का सुकलंय?"

"तुझ्या आईंशी दिवसभर वाद घालून बघ."

रात्री झोपताना पद्मिनीताईंनी देवापुढे हात जोडले. मोडली माझ्याकडून, लेकराला सांभाळ, एवढंच म्हणाल्या.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. दुसऱ्या दिवशी नर्सनं त्यांना वॉकर देऊन उभं केलं. चक्कर आली नाही. पाचव्या दिवशी त्या कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. जयेशही ठणठणीत होता, रोज संध्याकाळी भेटायला येत होता. पद्मिनीताईंना वाटलं, देवानं समजून घेतलं.

त्या संध्याकाळी जयेशनं खिशातून एक कागद काढला.

"खालच्या मजल्यावरच्या इशीकावासाननी आपल्या पत्रपेटीत टाकलाय. ऐक हं. गुरुवारी ऊन होतं म्हणून आम्ही गादी वाळत घातली, ही आमचीच चूक. तरी तुमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीतून त्या दिवशी सात वेळा पाणी ठिबकलं. सात, नऊ, अकरा, एक, तीन, पाच, सात."

त्यानं कागद मिटला. "आई, गुरुवारी एकादशी होती. खरं सांग, चारूनं दिलेलं पाणी तू कुंडीत ओतलंस ना?"

पद्मिनीताई काहीतरी बोलणार होत्या. थांबल्या. दर वेळी पेला घेऊन वाऱ्यावर जाणारी चारुता त्यांना आठवली.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच ओतलं. तिला नको सांगूस."

"धन्य आहेस. ती बिचारी तुझ्यासमोर पहारा देत बसायची." जयेश हसत नुपूरला घेऊन खालच्या कोन्बिनी दुकानात खाऊ आणायला गेला.

थोड्या वेळानं चारुता खोलीत आली. तिनं थर्मासमधून पेला भरला आणि सवयीनं समोर धरला. पद्मिनीताईंनी तो घेतला नाही. तिचा हात धरून तिला जवळ बसवलं आणि पेला तिच्याच ओठांशी नेला.

"शुक्रवारी पारणं वेळेवर केलंस ना गं?"