पिकअप

मुर्रीच्या मुन्ना मिस्त्रीने यादोरावांच्या जुन्या गाडीच्या धुराच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून दाखवला. आतली जाळी वितळून पार बुजली होती.

"धूर बाहेरच निघून नाही राहिला काका, मंग गाडी पळंल कशी? सडक्या अंड्याचा वास नाही आला?"

"शांतीले येत होता. म्या म्हटलं, धान कापणी झाल्यावर दाखवू."

नवा कन्व्हर्टर बसवताच गाडी झकास पळाली. मुन्ना खुशीत म्हणाला, "आता काकूले प्रतापगडले फिरवून आणा."

"काकू गेली रे मांगच्या महिन्यात."

त्या रात्री तिला सालेकसाहून दवाखान्यात आणताना यादोरावांनी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला होता, तरी गाडी तीसच्या वर गेली नव्हती. आणि छाती आवळून बसलेली शांतीबाई त्यांनाच म्हणत होती, "हळूच चालवा जी, मले बरं वाटून राहिलं."