बाराची गर्दी

"पिंकेऽ, जेवलीस का?"

सूर्य डोक्यावर आला की तुरीच्या रानातून अप्पाची हाक यायची आणि बांधावर बोरं वेचणारी पोर तिथूनच ओ द्यायची.

त्या हाकेला आता तीन वर्षं खंड पडला होता. गावाहून, निंबर्ग्याहून, पिंकी नोकरीला निघाली तेव्हा अप्पा, म्हणजे तिचे वडील भगवानराव, एवढंच बोलले, "जा. मी इचारणार न्हाई." बोलले ते त्यांनी पाळलं. आईचा फोन यायचा. अप्पा पलीकडे खोकायचे, तेवढंच.

गाणगापूरच्या एका लॉजची वेबसाइट सांभाळणं हे तिचं काम. बाराच्या ठोक्याला लॉजच्या कचेरीत बसून पिंकीने काळ्या पडद्यावर यंत्राचा भार दाखवणारी टॉप ही आज्ञा टाइप केली आणि एंटर दाबलं.

लोडचा आकडा एकाच्या आत, निवांत होता. बघता बघता उसळला. तीन, सहा, अकरा. सर्व्हर चार कोअरचा, म्हणजे चार बैलांची गाडी. तिच्यावर अकरांचं ओझं. मोकळी जागा दाखवणारी फ्री ही आज्ञा देऊन पाहिली, तर मेमरी तळाला गेलेली आणि यंत्र डिस्ककडून उसनवारी करत होतं.

"आले का तुझे पाहुणे?" मालक गुरुपादय्या दारातूनच म्हणाले.

"आले, अण्णा. दिवाळीपास्नं चुकले न्हाईत. पहिलं पान उघडतेत, खोली मागत न्हाईत, निघून जातेत. आठवड्यातनं एक दिवस तेवढे निम्मे येतेत."

"त्या दिवशी चोरांचा उपास असंल." गुरुपादय्या हसले नाहीत. "शेजारच्या लॉजवाल्याचं काम हाय हे. दत्तजयंतीला आपलं बुकिंग पाडायचंय त्याला. दार लाव समद्यांना. उद्या साइट बंद पडली तर काम कलबुर्गीच्या कंपनीला. मग तू आपली निंबर्ग्याला."

निंबर्ग्याला. म्हणजे न विचारणाऱ्या बापासमोर हरून उभं राहायचं.

दार लावणं सोपं होतं. सगळे एकाच मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून येत होते; एका ओळीत बाहेर काढता आले असते. पण बाहेर माधुकरी मागणारे दारोदार फिरत होते, आणि मालकीणबाई सावित्रम्मा एकेकाच्या झोळीत भाकर घालत होत्या. गाणगापुरात बाराला आलेल्याला कुणी माघारी लावत नाही. कोणत्या रूपात दत्तमहाराज येतील, काय सांगावं.

"भाकरी आधीच करून ठेवता व्हय, अक्का?" पिंकीने खिडकीतून विचारलं.

"मग काय, माणूस दारात आल्यावर पीठ मळू?"

पिंकीचे हात कीबोर्डवर थबकले. तिचं यंत्र नेमकं तेच तर करत होतं. येईल त्याच्यासाठी तेच पान पुन्हा नव्याने मळायचं, थापायचं, भाजायचं.

दिवस मावळेपर्यंत तिने पहिलं पान एकदाच तयार करून मेमरीत ठेवलं. येईल त्याला तेच उचलून द्यायचं. पानाच्या तळाशी तिने पहिल्या दिवशी हट्टाने घातलेली ओळ होती: देखभाल, पिंकी भगवानराव बिराजदार, निंबर्गा. त्या ओळीला तिने हात लावला नाही.

दत्तजयंती उजाडली. लातूर, सोलापूर, उदगीर, सकाळपासून खोल्यांची मागणी चालू. बाराला पाहुणेही आले, रोजच्या दुप्पट. गुरुपादय्या खुर्चीमागे उभे. लोड एक झाला. दीड. दोन. आणि तिथेच ठाण मांडून बसला.

लॉजची एक खोली उरली नाही.

"शेजाऱ्याची साइट सकाळीच झोपली म्हणं," गुरुपादय्यांनी तिच्या हातावर पेढा ठेवला. "कलबुर्गीवाल्यांना सांगतो, येऊ नका. आजपास्नं तू कायम."

पिंकी पडद्याकडेच बघत होती. शेजारी सकाळपासून स्वतःचीच साइट उठवण्यात गुंतलेला, तर हे दुप्पट पाहुणे धाडले कुणी?

तेवढ्यात आईचा फोन आला.

"पिंके, आज दाबलं की उघडलं ग तुझं पान. रोज किती ताटकळावं लागतंय. समदा पार खूश."

"पारावर? तिथं कामून उघडायलात तुम्ही?"

"समदं गावच उघडतंय की दिवाळीपास्नं, बारा वाजता. आज तर पाव्हण्यारावळ्यांना बी बसवलं. बाजारच्या दिवशी तेवढी माणसं कमी. तुझ्या अप्पानंच सांगितलंय समद्यांना, जितके लोक उघडतील तितकी पोरीची नोकरी पक्की. खालचं नाव वाचल्याबिगर कुणाला उठू देत न्हाईत."

पलीकडे खोकला आला. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"पिंके," तीन वर्षांनी तो आवाज म्हणाला, "जेवलीस का?"