तारेत ओवलेले पत्र

"निळ्या रेघांचा कागद आहे, अम्मा. दोन्ही बाजूंनी लिहिलेला," कामेश्वरी म्हणाली, आणि तेवढ्यात ओसरीच्या पायऱ्यांवर काठी वाजली. काठी तिच्या थोरल्या दिराची होती. तिने ओळखली.

रत्नम्मांनी बोटानेच तिला स्वयंपाकघर दाखवले. पोर आत गेली. खुंटीवरून नुकतीच उतरवलेली पत्रांची तार रत्नम्मांच्या मांडीवर तशीच राहिली.

रत्नम्मांचे यजमान, वकील सुब्बारायुडू पंतुलू, यांना जाऊन अठरा दिवस झाले होते. हयातीत त्यांनी पत्रांमध्ये कधी आपपरभाव केला नाही. मुलाची मद्रासहून आलेली खुशाली, अशिलाची विनवणी, कोर्टाचा कागद; ज्या दिवशी जे आले ते त्या दिवशी तारेत ओवले गेले. त्यामुळे खालचा कागद काढायचा तर वरचा प्रत्येक कागद आधी काढावा लागे. दिराचे, भीमशंकरमचे, कागद आश्विनातले होते. कामेश्वरीचे पत्र कार्तिकातले, म्हणजे त्यांच्या वरचे.

एकोणीस वर्षांच्या विधवेला स्वतःच्या मर्जीने पुन्हा लग्न करता येते काय, असे तिने त्यात विचारले होते. करता येते, असे पंतुलूंनी कळवले होते. येत्या बुधवारी राजमहेंद्रीला एका शिक्षकाशी ते लग्न व्हायचे होते. दिराला सुगावा लागला असता, तर त्याआधीच तिच्या खोलीला बाहेरून कुलूप लागले असते, आणि ते पुढे कधी निघाले असते हे कोणालाच सांगता आले नसते.

"अम्मागारू, माझे तेवढे कागद द्या. नव्या वकिलांना आजच हवेत." भीमशंकरम चटईवर बसला आणि त्याने हात पुढे केला. "तुम्ही कशाला त्रास घेता? आणा इकडे, मी काढतो."

"या घरातल्या कागदाला घरचाच हात लागतो. तू नुसता बघ, आणि तुझा आला की बोल."

रत्नम्मांना वाचता येत नव्हते. सत्तर वर्षांत एक अक्षर त्यांनी गिरवले नव्हते. लागेल तिथे अंगठा उमटवला होता. पण वकिलाच्या पत्नीला अक्षरओळख आहे काय, हे विचारण्याची गावात कोणाची छाती नव्हती. त्या एकेक कागद तारेतून वर ओढून पाटावर पालथा ठेवू लागल्या. पोस्टकार्ड. जाड कागद. पुन्हा पोस्टकार्ड. आत एक भांडे खणकन वाजले.

"आत कोण आहे?"

"मांजर. तुझ्यासारखंच, वेळकाळ न बघता येतं."

आणखी तीन कागद निघाले. चौथ्यावर निळ्या रेघा होत्या.

रत्नम्मांनी तो घाईने ओढला. कागद तारेच्या वळणात अडकला आणि सुटेना. त्यांनी तो मोकळा करण्यापूर्वीच भीमशंकरमने त्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवले होते.

"बायकी अक्षर आहे. कोणाचं पत्र?"

"माझं."

"तुमचं? एका घरात राहून पत्र?"

"तू पन्नास वर्षं एखाद्या वकिलाशी संसार करून बघ. लेखी दिल्याशिवाय यांना काही ऐकूच यायचं नाही."

तो हसला नाही. "मग दोन ओळी वाचून दाखवा."

"नवऱ्याला लिहिलेलं तुला वाचून दाखवू? बोट उचल."

बोट उचलले गेले. नजर मात्र कागदावरच राहिली. "आमच्या धाकट्याच्या विधवेलाही तिच्या बापानं लिहायला शिकवून ठेवलंय," तो सावकाश म्हणाला. "तिचं अक्षरही असंच. उजवीकडे झुकलेलं."

रत्नम्मांनी पत्र सोडवून मांडीखाली सरकवले आणि पुढचा कागद ओढला.

त्याचे चार कागद निघाले. ते घडी करून तो उठला, काठी घेतली, आणि उंबऱ्याशी थांबला.

"सोमवारी वकिलांना घेऊन येतो. माझा एकही कागद तुमच्याकडे उरला नाही, एवढं तुमच्या हातानं लिहून द्या. दोनच ओळी. तुमचं अक्षरही बघायला मिळेल."

"ये. काठी मात्र पायऱ्यांवर जरा हळू आपट."

काठीचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत गेला. तो विरल्यावर कामेश्वरी बाहेर आली. पदराचे टोक तिने दातांत धरले होते.

"अम्मा, पण तुम्हाला तर लिहिता..."

"माझ्या अंगठ्याची हकिकत मला सांगू नकोस." रत्नम्मांनी मांडीखालचे पत्र काढून पाटावर पसरले. मधोमध तारेचे भोक होते. "आणि ऐक. तुझं हे लग्न मला मुळीच पसंत नाही. काल नव्हतं, सोमवारीही नसेल. पण यांच्या भरवशावर आलेला कागद या घरातून दुसऱ्याच्या हाती जाणार नाही. आज गुरुवार. देवळाचं निमित्त करून रोज सकाळी येत जा, सोमवारच्या दोन ओळी माझ्याकडून गिरवून घ्यायला. दौत आण, आणि एक कोरा कागद."

कामेश्वरीने दौत आणली. टाक रत्नम्मांच्या बोटांत दिला, आणि त्यांच्या मुठीवर आपली मूठ धरली. निब कागदाला टेकली. पहिलीच रेघ वेडीवाकडी धावली.

"अम्मा, हात थरथरतोय."

"कोणाचा?"

दोघींनी पाहिले. दोघींनाही सांगता येईना.

"थरथरू दे," रत्नम्मा म्हणाल्या. त्यांचे डोळे निळ्या रेघांवर होते. "तूही हे थरथरतच लिहिलं असशील. फक्त उजवीकडे झुकव."