नदीचा नमुना

"पाण्याला वास नाही, रंग नाही. मग तक्रार कशाची, बाई?" साहेबांनी फाइल मिटली.

महाडच्या प्रदूषण नियंत्रण ऑफिसात उज्वलाची ही पाचवी फेरी. दर वेळी हेच उत्तर.

"औषधाला वास यायलाच हवा का, साहेब?" तिचा आवाज चढला. "चार महिने झाले, सासूबाईंची लघवीची जळजळ थांबत नाही. तीन वेळा गोळ्या बदलल्या. डॉक्टर म्हणतात, जंतू औषधाला दादच देत नाहीत. याआधी आयुष्यात गोळी न घेतलेली बाई ती! वर औषधांचे कारखाने, त्यांचं सांडपाणी सावित्रीत, आणि ती रोज नदीवर धुणं धुवायची."

"सिद्ध करा," साहेब म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

उज्वला दासगावच्या पुढल्या वाडीत शिक्षिका होती. चिडली की ती रडत बसायची नाही, कामाला लागायची. मुंबईची एक प्रयोगशाळा शोधून तिने नमुन्याची बाटली मागवली. बाटली आली नेमकी त्याच दिवशी शाळेची तपासणी निघाली. तिने बाटली नवऱ्याच्या हाती दिली.

"ओहोटी लागली की भरा. मधल्या धारेतलं घ्या, काठाचं नको."

"तुझ्या या नदीनं डोकं उठवलंय," अरविंद पुटपुटला.

पण संध्याकाळी बाटली तयार होती. चिकटपट्टी लावलेली, वर नाव, तारीख, सगळं.

घरात मात्र तिने कसलीच हयगय ठेवली नाही. सासूबाई चंपाबाईंचं नदीवर जाणं बंद. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलेलं, म्हणून सकाळी नळाचे दोन तांबे, दुपारी दोन, ती समोर उभी राहून पाजायची.

"आता पोटात जागा हाय का गो?" म्हातारी कुरकुरायची.

"आई, गप प्या. यानंच जाईल ते."

गेलं नाही. चंपाबाईंना हुडहुडी भरून ताप चढला. आठ दिवस सलाईनवर काढून त्या घरी आल्या, त्या निम्म्या होऊन.

त्याच आठवड्यात अहवाल आला. बाटलीतल्या पाण्यात तीन अँटिबायोटिक औषधं सापडली होती. उज्वलाने कागद साहेबांच्या टेबलावर आपटला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"बसा, बाई," ते पहिल्यांदाच म्हणाले. "चौकशी लावतो. नदीवर धोक्याचा फलकही लावू."

ती जवळजवळ धावतच घरी आली.

"अहो, जिंकलो! वाचा हे. आता तरी म्हणा, बायको उगाच ओरडत नव्हती."

अरविंदने कागद घेतला. वाचता वाचता त्याने तो खाली ठेवला.

"काय झालं?"

"त्या दिवशी कंटाळा आला गो," तो मान वर न करता म्हणाला. "मी नदीवर गेलोच नाय. बाटली आपल्या नळाखाली भरली."