चांदी काळी पडते

हातकणंगल्याजवळच्या माळावर जमिनीतल्या वाफेवर वीज करायला खोल बोअर मारला, त्यातनं गंधकाचा जड वायू जमिनीलगत साचू लागला आणि पंधरवड्यात अरुणाच्या पायातली जोडवी काळी पडली. तिनं ती राखेनं घासली.

मग घोट्यावरचे पैंजण काळवंडले. मग कमरेचा छल्ला.

"कायतरी नासल्यागत वास येतोय," ती सासऱ्यांना म्हणाली.

"मला कालपास्नं येईनाच झालाय," चटईवर पडल्या पडल्या शांतिनाथअण्णा म्हणाले. "सवय झाली की."

दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा वास नव्हता. तिला हायसं वाटलं.

"अण्णा, वास गेला की!"

अण्णा चटईवरच होते, बोलले नाहीत. झोपू दे, म्हणत ती देव्हाऱ्याकडं वळली.

तिच्या डोक्याच्याही वर, मूर्तीवरचं चांदीचं छत्र काळंकुट्ट झालं होतं.